समासातलं लग्न

मित्रांनो, ग्वाल्हेरच्या एका चर्चमधली मी जुनी बाप्तिस्म्याची वही. वय विचारू नका. माझ्या पहिल्या पानावर शाई सांडली, तेव्हा शहराच्या आख्ख्या लश्कर भागात भरदुपारी अंधार पडला होता. बरं, लश्करात नसेल; माझ्यापुरता तरी पडला होता!

आमचा कारभार शिस्तीचा. चर्चमध्ये फादर, त्यांच्यावर बिशप, भोपाळला आर्चबिशप. पूर्वी आमचे बिशप परगावी बसत, पुढे ग्वाल्हेरलाच आले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. मी कपाटातून हलले नाही. बाप्तिस्मा जिथे झाला, तिथली वही माणसाला जन्मभर सांभाळते. त्याचं लग्न कुठेही लागो, तिथून पत्र येतं आणि फादर माझ्या समासात ते लिहून ठेवतात.

एकदा माझी शिवण उसवली. शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या सूर्याजी बाइंडरांनी मला नवा पुठ्ठा, लाल कापड चढवलं. सगळ्यांनी इतकं कौतुक केलं, की मी फुगून कपाटात मावेना.

मग काठी टेकत वनमालाताई आल्या. म्हाताऱ्या, निवृत्त नर्स. त्यांना शेवटी नवऱ्याच्याच कबरीत जागा हवी होती. त्यासाठी लग्नाचा पुरावा लागे. लग्न लागलं त्या दूरच्या चर्चच्या वह्या पुरात गेलेल्या. उरला होता माझा समास.

फादरनी पान उघडलं. नाव होतं. समास नव्हता. कडेला एका अक्षराची अर्धी वेलांटी तेवढी लोंबत होती.

सूर्याजींना बोलावणं गेलं.

“काका, हे काय केलंत?”

“कडा वाकड्यातिकड्या होत्या, फादर. एकदम सीधी केली. बघा की, कशी सुरेख दिसते!”

वनमालाताई हळूच म्हणाल्या, “माझं लग्नच कापलंत हो.”

सूर्याजींनी मला उचलून माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “कागद मी फेकत नाही, ताई. त्या पट्ट्या हिच्याच पाठीत चिकटवल्यात. मजबुतीला.”

त्यांनी माझी पाठ उसवली. मी अशी किंचाळले, की किल्ल्यावरची कबुतरं उडाली. ऐकू मात्र कुणालाच आलं नाही. ओल्या बोटांनी एकेक पट्टी सुटत गेली. एका पट्टीवर उरलेली वेलांटी सापडली. पानाला लावली, अक्षर जुळलं : ‘गुरुप्रसादशी विवाह’. खाली तारीख.

वनमालाताईंनी त्यावर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

सूर्याजींनी पट्टी चिकटवली. “जरा तिरकी बसली. सीधी करू?”

“हात लावू नका!” वनमालाताई म्हणाल्या.

मित्रांनो, आता माझी कड वाकडीच आहे. तुमच्या घरची जुनी वही नीटनेटकी करायला घ्याल, तेव्हा कात्री लावण्याआधी कडेला कोण राहतंय, तेवढं वाचून बघा.