जाळरेषेवरची हाक

प्रशिक्षणाचे पहिले दोन दिवस मढच्या समाजमंदिरात गेले. प्रोजेक्टरवर देशोदेशीची उष्ण प्रदेशातली जंगलं दिसली, ‘शाश्वत व्यवस्थापन’ हे शब्द दिसले, आणि वीज गेल्यावर नुसती भिंत दिसली. तिसऱ्या दिवशी वनपाल नंदा नव्या वनरक्षकांना घेऊन डोंगरावर निघाली. "जंगल भिंतीवर पेटत नाही," ती म्हणाली. "चला."

शिकायची होती जाळरेषा. उन्हाळ्यात वणवा आला तर त्याला पुढे खायला काही मिळू नये, म्हणून गवताचा एक पट्टा आपणच आधी जाळून ठेवायचा. दोन्ही कडा कापून साफ केल्या होत्या. सकाळची वेळ होती, वारा निजलेला.

वाटेत सरुबाई भेटली. मेंढरं घेऊन घळीपलीकडच्या डोंगराच्या सोंडेवर निघाली होती.

"काय बाई, कुणाचं लगीन? येवढं वऱ्हाड?"

"पोरांना जाळरेषा शिकवतेय."

"म्हंजी झाडं वाचवायला आग लावायची. अन् आमच्या हातनं काडी पडली की केस."

"सरुबाई, मेंढरं पलीकडंच राहू देत."

"ऱ्हात्यात की. तुमी तेवढी आग आल्याड ठेवा, म्हंजी झालं."

पोरं हसली. नंदाही हसली, कारण म्हातारीचं चुकत नव्हतं.

पट्ट्याच्या खालच्या अंगाला घळ होती. तिथे कुणी मोळीवाली, कुणी गुराखी बसलेला नाही ना, हे पाहायला नंदाने कल्याणीला पाठवलं. कल्याणी अवसरी बुद्रुकची, उसाबटाट्याच्या सपाटीत वाढलेली. डोंगर तिने आजवर बसच्या खिडकीतून पाहिला होता. म्हणून तर नंदाने तिलाच निवडलं. पायाखाली आल्याशिवाय डोंगर कळत नाही.

"घळ बघून साफ कडेवर येऊन उभी राहा," नंदाने बजावलं. "मी हाक मारेन. तू कडेवर असलीस तरच ओ द्यायची. तुझी ओ आल्याशिवाय इथे काडी पेटणार नाही."

"हो मॅडम." कल्याणी उतरली आणि गवतात दिसेनाशी झाली. घळीत नुसती खरखरायची म्हणून वॉकीटॉकी तिने वरच ठेवली होती.

बऱ्याच वेळाने नंदाने तोंडाशी हात धरले. "कल्याणीऽऽ"

"ओऽऽ" आवाज बाईचा, लांबचा, स्वच्छ.

नंदाने रत्नदीपकडे पाहून मान हलवली. रत्नदीप पोरांत सगळ्यात उत्साही. टेंभा त्याच्याच हातात होता. गवत वाळलेलं, कडकड करत पेटलं. जाळ हळूहळू, शहाण्यासारखा कडेकडेने सरकत होता. पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती.

मग नंदाच्या मानेवर वारा लागला. या वेळेला तो यायला नको होता, आणि वरून तर मुळीच नको होता. जाळ वाकला, खालची कड त्याने उडी मारून ओलांडली आणि घळीच्या तोंडाशी जाऊन पोचला.

"झोडपा! खाली उतरा, झोडपा!" पोरं ओल्या फांद्या घेऊन धावली. नंदाने पुन्हा हाक मारली. "कल्याणीऽऽ"

"ओऽऽ"

या वेळी नंदाला दिशा कळली. ओ घळीतून आली नव्हती. पलीकडच्या सोंडेवरून आली होती.

"सरुबाई, मघाशीपण तूच ओ दिलीस?"

"म्या न्हाई तर कोन?" पलीकडून आवाज आला. "डोंगरात हाक आली तर ओ द्यावी बाई. मान्सानं मुकं ऱ्हाऊ नये."

तिचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं. कुणाचीही हाक असो, ओ द्यायची. म्हणजे हाक मारणाऱ्याला कळतं की डोंगरात आपण एकटे नाही.

"आता गप बस," नंदा ओरडली. "पोरगी आहे खाली. मी कितीही हाका मारल्या तरी तोंडातून शब्द काढू नकोस."

"बरं."

नंदाने हाका मारल्या. मारून थांबायची, ऐकायची. गवत फुटत होतं, पोरं खोकत होती. घळीतून काहीच नाही.

मग ती उतरली. पदर नव्हता, खाकी शर्टाची कॉलर तोंडावर धरली. जळून गेलेल्या काळ्या गवतावरून घसरत, बूट भाजत ती घळीतल्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात आली. दोन धोंड्यांच्या मधल्या फटीत कल्याणी अंग चोरून बसली होती. भुवया जळालेल्या, डोळे लाल. तिने नंदाचा हात पकडला आणि ओठ हलवले. धुराने घसा बसला होता, आवाज नव्हताच. नंदाने कान जवळ नेला.

"ओ देत होते, मॅडम," कल्याणी कुजबुजली. "जाळ आल्यापासून प्रत्येक हाकेला देत होते."

नंदाने तिचं डोकं छातीशी धरलं. वरून रत्नदीप विचारत होता, सापडली का. नंदाने हात वर केला.

तेव्हा कल्याणीने नंदाच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि बोट दाखवलं. ओढ्याच्या पल्याड गवत पेटलं होतं. जाळाला चढ मिळाला होता, आणि चढावर जाळ माणसापेक्षा जोरात पळतो. धूर सरळ सोंडेवर चालला होता.

"सरुबाईऽऽ" नंदाने हाक मारली.

मेंढरांचा कल्लोळ ऐकू आला, मग तोही नाही.

"सरुबाई, ओ दे."

"गेल्या असतील ना पलीकडे?" कल्याणीचे ओठ हलले.

नंदानेच सरुबाईला गप्प राहायला सांगितलं होतं, आणि सरुबाई शब्दाची पक्की होती. कल्याणीला धोंड्याशी टेकवून नंदा पलीकडचा चढ चढू लागली, दर चार पावलांनी हाक मारत.