लालोबाची चाळीस मिनिटं

मित्रांनो, जरा जवळ येऊन बसा. मी एक जुना टायमर आहे, स्वयंपाकघरातला, पत्र्याचा, लाल रंगाचा. पोटावर साठपर्यंतचे आकडे आणि पाठीला लोहचुंबक. डोकं पिळून हव्या त्या आकड्यावर ठेवलं की मी टिकटिकत शून्यावर येतो आणि घर डोक्यावर घेतो. आजी मला लालोबा म्हणते. सुरुवातीला मला ते नाव मुळीच आवडलं नव्हतं, पण आता कोणी नुसतं टायमर म्हटलं तर राग येतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. चष्मेवाल्या एका बाईंनी माझ्या पोटात स्प्रिंग बसवली. शेवटच्या टेबलावर सगळ्या टायमरांची परीक्षा व्हायची. माझी पाळी आली आणि नेमकी जेवणाची सुट्टी झाली. तपासनीस बाईंनी मला कानाशी धरलं, "वाजतोय की," म्हणाल्या आणि डब्यात टाकलं. मी बिनपरीक्षेचा पास झालो. एवढी गोष्ट लक्षात ठेवा बरं का.

मला आजीने विकत आणलं. तिची अंडी उकडणं, पाव भाजणं, सगळं माझ्याच भरवशावर चालायचं. अंडी मात्र दर वेळी दगड व्हायची. "आई, हे खायचं की अंगणात खेळायचं?" बाबा विचारायचे. मग आजी कोंबडीच्या नावाने खडे फोडायची, शेगडीच्या नावाने फोडायची. माझ्यावर तिने कधी संशय घेतला नाही. तिचा तो विश्वास आठवला की मला आजही लाजल्यासारखं होतं.

घरात चौघं होती. आजी, घरीच शिवणकाम करणारे बाबा, इस्पितळात एक्स-रे काढणारी आई आणि सात वर्षांची नात. ती एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. घर शहरापासून फार लांब होतं, आईला जायला तीन तास, यायला तीन तास. आई निघायची तेव्हा भिंगरी अंथरुणात आणि परतायची तेव्हाही अंथरुणातच. मग भिंगरीने एक युक्ती काढली. आईला सांगायच्या गोष्टी ती चिठ्ठ्यांवर लिहायची आणि फ्रिजच्या दारावर माझ्या पाठीखाली खोचायची. 'माझा दात हलतोय.' 'मला बाईंनी पुढे बसवलं.' 'दात अजून हलतोय.' 'दात पडला.' आई बिचारी चिठ्ठ्या सुट्टीच्या दिवशी एकदमच वाचायची.

चिठ्ठ्या वाढत गेल्या. मी डोळे मिटून, दातओठ खाऊन लोंबकळत होतो. एका रविवारी सकाळी नाही निभावलं. मी धाडकन खाली आलो आणि सगळ्या चिठ्ठ्या फरशीभर पसरल्या. माझ्या कपाळावरचा हा पोचा तेव्हाचा आहे. आई गोळा करायला वाकली, वाचता वाचता खालीच बसली, आणि तिला रडू कोसळलं.

"हिचा दात हलला कधी आणि पडला कधी, मला पत्ता नाही," ती म्हणाली. "बास झालं. आपण घर बदलायचं. इस्पितळाच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत चाळीस मिनिटं. त्याहून जास्त नको."

बाबांनी लगेच मोबाइल काढला. "हा बघ, यात रस्ता दिसतो, वेळ दिसते."

"त्या डबड्यावर माझा काडीचा विश्वास नाही," आजी म्हणाली. "लालोबा लावायचा."

"हो, लालोबाच!" भिंगरी इतक्या जोरात ओरडली की सगळे तिच्याकडे बघायला लागले.

मित्रांनो, माझी छाती अशी फुगली म्हणता! आयुष्यभर अंडी मोजली, आता घर मोजायचं होतं.

पहिलं घर आम्ही रविवारीच बघायला गेलो. रस्ते मोकळे, पंचवीस मिनिटांत दारात हजर. बाबा तर पडदे कुठले लावायचे तेही ठरवून बसले. नशीब माझं, की आजी म्हणाली, कामाच्या दिवशी एकदा बघू. बुधवारी पाच वाजता आईची पाळी संपली. फाटकापाशी माझं डोकं चाळिसावर पिळलं, आणि बस पुलावर जी अडकली ती अडकलीच. आजीच्या पिशवीत मी टणटण सुरू केली. बसमधल्या यच्चयावत माणसांनी आपापले फोन काढून बघितले. आजी खिडकीबाहेर बघत राहिली, जणू पिशवी तिची नव्हेच.

दुसऱ्या बुधवारी दुसरं उपनगर. तिथे मी वाजायच्या कितीतरी आधी पोचलो. रस्ते आरशासारखे, फाटकं उंच. आजीने तीन जणांकडे बघून हसून पाहिलं. एकाने मान वळवली, दुसऱ्याने कुत्र्याला जवळ ओढलं, तिसऱ्याने "कोणाकडे आलात?" म्हणून विचारलं. भिंगरी सगळीकडे शोधून आली आणि म्हणाली, "इथे मुलं कुठे ठेवतात?" आई स्टेशनाकडे वळली.

तिसऱ्या घराला आगगाडीने जायचं होतं आणि पुढे पायी. गाडी मधेच कुठेतरी थांबली. आई सारखी पिशवीत डोकावत होती. उतरल्यावर चार मिनिटं उरली होती, आणि समोर लांबच लांब गल्ली. ती गल्ली एकदा बघायला हवी होती तुम्ही! दोन आजोबा दोन निरनिराळ्या भाषांत भांडत पत्ते खेळत होते. एक बाई खिडकीतून तिसऱ्याच भाषेत कोणाला तरी जेवायला हाका मारत होती. आजी धापा टाकताना दिसली, तर एका अनोळखी माणसाने आपली खुर्ची उचलून तिच्यासमोर ठेवली. मुलं लपंडाव खेळत होती आणि राज्य घेणारी मुलगी भलत्याच आकड्यांनी मोजत होती. तिने भिंगरीला थांबवलं. "तुझ्या भाषेत कसं मोजतात? मोज ना!"

भिंगरी तिथेच उभी राहून मोजायला लागली. दहापर्यंत सगळी मुलं तिच्या मागून म्हणत होती.

"अगं चल, वेळ संपतोय!" बाबा ओरडले.

आई धावत सुटली. साडी सावरत, आजीची पिशवी पोटाशी धरून. शून्य अगदी तोंडाशी आलं होतं. इतकं चांगलं घर माझ्या एका टणटणीने जाणार होतं! आईने फाटक ढकललं, पायऱ्या चढली, दाराला हात लावला, आणि मग मी वाजलो.

"जमलं!" असं ती ओरडली की पत्ते खेळणारे आजोबाही टाळ्या वाजवायला लागले.

घर झालं. बाबांना गल्लीभरचे कपडे शिवायला मिळाले. आई दिवसाउजेडी घरी येऊ लागली. आल्यावर भिंगरी मला तिसावर पिळते. मी वाजेपर्यंत आई फक्त तिची, मध्ये कोणी बोलायचं नाही. चिठ्ठ्या हळूहळू बंद झाल्या.

वर्षभराने माझा आवाज घोगरा झाला. त्या पत्तेवाल्या आजोबांपैकी एक घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळजींनी मला स्वच्छ पुसलं, तेल दिलं, आपलं घड्याळ समोर ठेवून तपासलं आणि कपाळाला हात लावला.

"हा चाळीस मिनिटांना अठ्ठेचाळीस घेतो. किती वर्षं घरात आहे तुमच्या?"

स्वयंपाकघरात सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मला वाटलं, संपलं आता. केराची टोपली.

"म्हणजे घरी यायला मला पाऊण तासाच्या वर लागतो?" आई हळूच म्हणाली. "आणि मला वर्षभर कळलंही नाही?"

"घर परत करायचं का?" बाबांनी विचारलं.

"आधी माझी माफी मागा!" आजी कडाडली. "सगळा जन्म मला अंड्यांवरून बोललात."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. एकटी भिंगरी हसत नव्हती. कानाच्या पाळ्या लाल करून उभी होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "शाळेत घड्याळ शिकवलं ना, तेव्हाच मी मोजून बघितलं होतं. मला वाटलं, लालोबा लावला तर एखादं घर पास होईल."

आईने तिला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही. घड्याळजींनी पेचकस उचलला. "दोन मिनिटांचं काम आहे. करून टाकू का बरोबर?"

"नाही!" भिंगरी ओरडली. "मग माझा अर्धा तास छत्तीस मिनिटांचा कसा होईल?"

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं म्हातारं, मागे पडणारं काहीतरी असेल. त्याला टाकू नका. अधूनमधून पुसा, तेलाचा एक थेंब द्या. ते कोणाच्या उपयोगी पडतंय, हे एकदा घरातल्या सर्वांत लहान माणसाला विचारा.

माझ्या पाठीखाली आता एकच चिठ्ठी आहे. अक्षर भिंगरीचं आहे आणि खाली आईची सही आहे. 'याला दुरुस्त करू नये.'