कुटुंबाच्या वतीनं

"तबक धरून हात भरून आला माजा. कुनाला ववाळायचं तेवढं सांगा की," संयोगिता सासऱ्यांच्या कानाशी धुसफुसली.

संयोगिताचे सासरे म्हणजे गावचे सरपंच आप्पासो. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हातभर अंतरावर बसलेल्या उत्कर्षानं मात्र सगळं ऐकलं. आटपाडीजवळच्या या सासरगावात मांडव तिच्याच सत्कारासाठी घातला होता.

गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. सूर्यासारखी ऊर्जा काढायची तर वायू असा तापवावा लागतो की कुठलंच भांडं त्याला धरू शकत नाही. मग चुंबकांच्या जोरावर त्याला अधांतरी कोंडायचं आणि तापवायला वेगवान कण आत सोडायचे. तिच्या सासूनं, धोंडुबाईनं, एकदा विचारलं तेव्हा उत्कर्षानं मेंढरांभोवती लावायच्या जाळीचा, वाघरीचा, दाखला दिला होता. जाळी सगळ्यांना आवरते, पण एखादा उंडगा नर उडी मारतोच.

"मंग त्यो कुटनं उडाला त्ये बगायचं तुजं काम," धोंडुबाई म्हणाली, आणि मेंढरं हाकायला निघून गेली.

तेच काम. यंत्राच्या आतल्या भिंतीपाशी बसवलेल्या काचेवर निसटलेले कण आदळले की ठिपका उजळे. वरिष्ठ म्हणाले, आतलाच उजेड पडतोय. यंत्र गळतंय, हे कुणालाच म्हणायचं नव्हतं. उत्कर्षानं काचेपुढच्या फटीवर वर्खाहून पातळ पत्रा लावला. उजेड त्यानं अडला असता, वेगवान कण अडले नसते. ठिपका तसाच उजळत राहिला, म्हणजे ते कणच होते. भर बैठकीत तिनं सांगितलं, गळतंय. कितीतरी दिवस तिच्याशी कुणी धड बोललं नाही. पुढं चुंबकांची जुळणी बदलली, गळती कमी झाली, तिचं नाव वर्तमानपत्रात आलं आणि गावाला अभिमान वाटू लागला.

तर त्या अभिमानाचं आता असं चाललं होतं. तिला ओवाळायची वेळ आली तसे आप्पासो आधी म्हणाले, बाई प्रवासानं दमल्यात. मग म्हणाले, ऊन लय हाय, आटपायला पायजे. शेवटी त्यांनी तिच्या थोरल्या दिराला, इंद्रजितला, वर बोलावलं. कुटुंबाच्या वतीनं सत्कार त्यानंच घ्यावा, सगळ्यांत मोठा हाय. हा इंद्रजित भावजयीचं काम कुणी विचारलं की 'लाइटीच्या खात्यात हाय' म्हणून सांगायचा. त्याला फेटा बांधला, शाल पांघरली. टाळ्या पडल्या. संयोगितानं तबक घाईघाईनं खुर्चीखाली सरकवलं.

 शालीचं उत्कर्षाला काही नव्हतं. पण पुढं सतरंजीवर शाळेच्या मुली बसल्या होत्या, त्यांच्यासाठी ती एवढ्या लांबून आली होती, आणि त्या आता इंद्रजितच्या फेट्याकडे बघत होत्या. साहेबांच्या तोंडावर बोलणारी ती, इथं खुर्चीतच बसून राहिली. तिच्या नवऱ्याचं, अर्जुनाचं, नाव सकाळपासून कुणी काढलं नव्हतं.

धोंडुबाई बायकांतून उठली. गुडघ्यावर हात देत पायऱ्या चढली. इंद्रजितच्या अंगावरची शाल तिनं ओढून घेतली आणि आप्पासोंच्या पुढ्यात उभी राहिली. आवाजही चढवला नाही.

"ऊन न्हाई आन् दमनूक बी न्हाई, आप्पासो. माजा अर्जुना मेलाय. ही रांडाव हाय, माज्यासारकी. तुमच्या तबकातलं कुकू तिच्या कपाळाला लावायचं न्हाई तुमाला, येवढंच हाय."