हास्य क्लबात रडायचं नाही

आमच्या ह्यांना काय झालंय असं कोणी विचारलं की मी सांगते, काही नाही, नुसते बसलेत. वागळे इस्टेटच्या कारखान्यात जन्मभर लेथ मशीनवर उभा राहिलेला माणूस. रिटायर झाल्यावर साईनाथने, आमच्या मुलाने, टिटवाळ्याला फ्लॅट घेऊन दिला, आणि ह्यांनी पलंगावर जे बूड टेकलं ते टेकलंच. दाढी नाही. आंघोळीला हाका मारून माझा घसा सुकतो. वाढलं तर जेवतात, नाही वाढलं तर विचारत नाहीत. दुपारभर मोबाईल छातीवर ठेवून लोळायचं आणि मग रात्री डोळे टक्क उघडे. मी काहीही बोलले तरी उत्तर एकच, "हं".

कल्याणला डॉक्टरबाईंकडे नेलं.

"काका, कसं वाटतं?"

"मस्त."

"झोप लागते?"

"लागते की."

मी मध्ये तोंड घातलं तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "काकू, त्यांना बोलू दे. मला डिप्रेशनची शंका येतेय, पण ते स्वतः सांगत नाहीत तोवर मी काय करू?" आणि हा माणूस तिथे बत्तीशी दाखवतोय! चालायला जा, वेळेवर झोपा, चार माणसांत मिसळा, असं सांगून त्यांनी परत पाठवलं. घरी येईपर्यंत माझं डोकं ठणकत होतं.

साईनाथ ठाण्याहून फोनवर सांगतो, "आई, त्यांना हास्य क्लबला ने ना." अरे बाबा, सांगायला तुझं काय जातंय? ये आणि ओढून ने की.

तरी नेलं. बिल्डिंगच्या मागच्या मैदानात हेमांगी मॅडमचा क्लब भरतो. सगळे म्हातारे गोल उभे राहतात, हात वर करतात आणि उगाच हा हा हा. हे पण हात वर करून उभे राहायचे, तोंड मिटलेलं. एके दिवशी मात्र ह्यांचं हा हा सुरू झालं ते थांबेचना. मला वाटलं, पावला गणपती, हसले एकदाचे! बघते तर गालावरून पाणी, खांदे गदगदतायत.

हेमांगी मॅडम टाळ्या वाजवत आल्या. "काका, इथे रडायचं नाही हं! पॉझिटिव्ह राहायचं. चला, पोट हलवून, हो हो हो!"

माझी सटकली. इतके महिने ह्यांच्यावर दातओठ खाणारी मीच, पण दुसऱ्या कोणी असं बोलावं?

"अहो मॅडम, माणूस रडतोय, दिसत नाही का? तुमचं ते हो हो हो घाला चुलीत!"

ह्यांना बाकावर बसवलं. मी पदराने तोंड पुसायला गेले तर ह्यांनी माझा हात धरला.

"मला काहीच आवडत नाही गं आता. सकाळ नको वाटते. जेवण नको वाटतं. तू समोर आलीस तरी नको वाटतं."

ज्याचं जन्मभर केलं, त्याने असं तोंडावर बोलायचं? मी चांगलं सुनावणार होते. मग डोक्यात उजेड पडला, अगं बाई, बोलले की हे!

"उठा."

"कुठे?"

"कल्याणला. आत्ता बोललात ना, ते जसंच्या तसं डॉक्टरबाईंना सांगायचं. मी नको वाटते, ते पण सांगा."

"दाढी तरी करू दे."

"दाढी गेली खड्ड्यात."

घरी गेलो असतो तर पुन्हा पलंग होताच, म्हणून कोपऱ्यावरून सरळ कल्याणची रिक्षा केली. सगळी वाट माझ्या मनात एकच. हे परत गप्प झाले तर मी कुठे जाऊ?

"काका, कसं वाटतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि ह्यांच्या तोंडावर तेच मेलं हसू यायला लागलं. बोलायला माझी जीभ नुसती वळवळत होती. मी ओठ चावून बसले.

डॉक्टरबाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का? म्हणजे काका मोकळं बोलतील."

मी पिशवी उचलली. ह्यांनी पिशवीचा बंद धरला. हसू गेलं होतं.

"तिला बसू दे," हे म्हणाले. "मला बरं नाही, डॉक्टरबाई. आणि हे मला एकट्याला सांगता येणार नाही."