भाजीचं उकळलेलं पाणी

डॉक्टरांनी यांचा रिपोर्ट दोनदा वाचला. "भाजी उकळून पाणी फेकता ना?"

"फेकतो की," मी म्हणाले.

"मग पोटॅशियम वाढलं कुठून? असंच चढत गेलं तर हृदयावर येईल. औषध देतो. उद्या सकाळी पुन्हा रक्त तपासू."

घरी आल्यापासून माझा पाय एका जागी ठरेना. शिलाई मशीनवर बसले, बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उठले. यांची मूत्रपिंडं कशीबशी तग धरून आहेत आणि हे बाहेर चोरून काहीतरी खातात, अशी माझी खात्रीच झाली होती. यांचे खिसे उलटे केले. काय खाल्लंत म्हणून सतरा वेळा विचारलं. हे आपले पेपरात डोकं घालून बसलेले.

तेवढ्यात आमची नऊ वर्षांची लेक, भिंगरी, शाळेतून आली. हातात पालेभाजीची जुडी. शाळेच्या बागेत मुलांनी शेणखतावर, फवारणीशिवाय वाढवलेली. दर दोन दिवसांनी अशी जुडी घरी येते आणि कोणी किती खाल्लं ते वहीत लिहायचं असतं. मला काही सुचत नव्हतं, म्हणून ती वहीच उघडली. प्रत्येक तारखेला लिहिलं होतं, 'बाबा : भाजी दोन चमचे, पाणी एक पेला.'

"हे पाणी कुठलं गं?"

"तू मला मोरीत ओतायला देतेस ते. मी नाही ओतत. बाई म्हणतात, सगळं सत्त्व त्या पाण्यात उतरतं. बाबांना अशक्तपणा आहे ना?"

अशक्तपणा. एवढंच मी तिला सांगितलं होतं. लहान जीव, कशाला घोर लावायचा.

मी यांच्याकडे वळले. "तुम्हाला कळलं नाही काय पिताय ते?"

"कळलं. पण पेला रिकामा होईपर्यंत ती समोर उभी राहते," हे म्हणाले. "नको म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. सांगायचं नाही, असं तूच बजावलं होतंस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडणार कोणावर? मी भिंगरीला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. मूत्रपिंडं, रक्त, ते पाणी का फेकायचं, उद्याची तपासणी. चूक तुझी नाही, माझी आहे, हेही तीनदा सांगितलं.

ती रडली नाही. माझ्या हातातून तिनं आपला हात सोडवून घेतला.

"आई, अजून काय काय सांगितलं नाहीस?"