मोजमापाबाहेरची तार

"जाताना बंद पडते, की येताना?" धम्मपालने विचारले.

गेल्या दोन महिन्यांत लताला पुष्कळ जणांनी पुष्कळ प्रश्न विचारले होते. क्लच पूर्ण दाबतेस का, फोनवर बोलत होतीस का, घरी काही ताण आहे का. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"येतानाच," ती म्हणाली. "जाताना एकदापण नाय, भाऊ."

"नक्की?"

"सात वेळा झालंय. सातही वेळा गोवंडीहून येताना. लिहून ठेवलंय ना मी."

तिने ड्रायव्हरच्या दारातल्या खणातून शाळकरी वही काढली. तारीख, सिग्नल, किती मिनिटे गाडी निपचित राहिली, मागून कोण काय ओरडले. धम्मपालने हात पुसले, चष्मा चढवला आणि ती वही आरंभापासून वाचली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या फाटकासमोर, आठ फूट रुंदीच्या त्या दुकानात गेली चौतीस वर्षे तो गाड्यांच्या तारा तपासत होता. कुठल्या गाडीमालकाने स्वतःहून नोंदी आणून दिल्याचे त्याला आठवत नव्हते. आणि लता तर मालकही नव्हती.

मालक होती एक संस्था. विज्ञानाचा प्रसार हे तिचे ब्रीद. कोणा मंडप-डेकोरेटरचा जुना छोटा ट्रक तिने विकत घेतला, त्याला पांढरा रंग दिला, आत कपाटे, पंखे, प्रोजेक्टर आणि एक लहानसा फ्रीज बसवून त्याची 'फिरती प्रयोगशाळा' केली. महापालिकेच्या शाळांतली मुले त्यात चढत आणि कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहत. ट्रकमध्ये एक आधुनिक सोय होती. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये थांबली की इंजिन आपोआप बंद होई, क्लच दाबला की आपोआप सुरू होई. इंधन वाचे. दोन महिन्यांपासून इंजिन बंद मात्र शिस्तीत होत होते. सुरू होताना त्याचा नेम राहिला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर सिग्नल हिरवा झाला, लताने क्लच दाबला, पुढून नुसता 'टक' असा आवाज आला आणि मागच्या टेम्पोने येऊन धडक दिली. माणसे वाचली, बारा सूक्ष्मदर्शकांचा चुरा झाला.

अधिकृत सेवा केंद्राने गाडी चार दिवस ठेवून घेतली, वातानुकूलित खोलीत तिला यंत्र जोडले आणि दोष नसल्याचा कागद दिला. दोष यंत्रात नाही, म्हणजे तो माणसात असला पाहिजे, हा निष्कर्ष संस्थेने ज्या वेगाने काढला तो वेग तिने कुठल्याही प्रयोगात कधी दाखवला नव्हता. प्रयोगाची पायरी पुन्हा करून पाहावी, अटी बदलून पाहाव्यात, हे सारे इयत्ता सातवीच्या मुलांसाठी होते. चालक बाईसाठी चौकशी होती. ती आज दुपारी तीन वाजता होती, आणि तिच्यानंतर लताच्या कागदांवर एक शेरा बसणार होता. त्या शेऱ्यानंतर मुंबईतली कुठलीही शाळा तिच्या हाती गाडी देणार नव्हती.

"आणि बंद पडली की?" धम्मपालने विचारले. "किती वेळाने चालू होते?"

"दहा मिन्टं, पंधरा मिन्टं. आपोआप होते, तेच तर वांधे आहेत. मेकॅनिक येईपर्यंत एकदम झकास चालू. मग सगळे माझ्या तोंडाकडे बघतात." ती थांबली. "चालू व्हायच्या आधी मागे काहीतरी टीं टीं वाजतं. ते साहेबांना सांगितलं तर हसले."

धम्मपाल हसला नाही. "मागे म्हणजे, त्या फ्रीजच्या इन्व्हर्टरजवळ?"

"तिथंच."

"ते इन्व्हर्टर मान टाकताना वाजतं. बॅटरी संपत आली की ते स्वतःला तोडून घेतं. त्याचं ओझं उतरलं की बॅटरीला थोडी धुगधुगी येते. मग तुझी गाडी चालू होते." तो उठला. "चल, शाळा भरवू."

शाळा भरवणे म्हणजे काय, ते शेजारच्या टायरवाल्या माणिकला ठाऊक होते. त्याने स्टूल ओढून घेतले आणि खेळ पाहायला बसला. धम्मपालने गोवंडीच्या पटांगणातली सकाळ मरोळच्या रस्त्याकडेला हुबेहूब मांडली. इंजिन बंद. फ्रीज चालू, पंखे चालू, प्रोजेक्टर चालू. तीन तास. त्या वेळात त्याने एका रिक्षेचा हॉर्न दुरुस्त केला आणि लताने दोनदा चहा सांगितला. सेवा केंद्रातल्या पदवीधरांनी रिकामी, शांत, भारविरहित गाडी तपासली होती; तिथे ती तपासनिसासमोरच्या वर्गासारखी वागली, यात नवल नव्हते.

तीन तासांनी त्याने छोटा स्कॅनर गाडीला जोडला. गाडीच्या संगणकाच्या मते बॅटरी अठ्ठ्याऐंशी टक्के भरलेली होती. मग त्याने मीटरच्या दोन सुया थेट बॅटरीला टेकवल्या. मीटरच्या मते बॅटरीत जेमतेम जीव होता.

"दोघांतला एक खोटं बोलतोय," माणिक म्हणाला.

"खोटं कोणीच बोलत नाय. एकाला अर्धंच दिसतंय." धम्मपालने बॅटरीच्या ऋण टोकावरच्या काड्यापेटीएवढ्या काळ्या डबीवर बोट ठेवले. "हा सेन्सर. आतबाहेर जाणारा सगळा करंट ह्याच्यातून जातो, हा मोजतो, संगणकाला कळवतो. बॅटरी उतरली असं ह्याने सांगितलं की संगणक इंजिन बंदच करत नाय. आता हा म्हणतोय, भरलेली आहे. म्हणजे कुठला तरी करंट ह्याला टाळून जातोय. गोवंडीहून निघताना बॅटरीचा उरलासुरला जीव संपतो, नि सिग्नलला परत चालू करायला काही राहत नाय."

त्याने टॉर्च खाली धरला आणि बॅटरीच्या पेटीमागची धूळ बोटाने पुसली.

तिथे एक जाड काळी तार होती. सेन्सरच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या टोकावर कसलेली. मागच्या इन्व्हर्टरचा सगळा परतीचा करंट तिच्यातून येत होता आणि मोजणाऱ्या डबीला वळसा घालून बॅटरीत शिरत होता. जोड नेटका होता. चिकटपट्टी नव्हती. मेण लावलेला लाल सुती दोरा, एकाला एक भिडलेले अकरा वेढे, आणि शेवटी आत ओढून घेतलेली गाठ.

धम्मपालने त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

चिकटपट्टी मुंबईच्या उन्हात ओघळते, म्हणून तो जोडांना मेणाचा दोरा बांधत असे. आई परभणीकडे गोधड्यांसाठी असा दोरा मेणावरून ओढायची. ती गाठ त्याने तिच्या बोटांवरून उचलली होती. या उपनगरात ती दुसऱ्या कोणाची नव्हती. माणिकही वाकला, आणि सरळ झाला तेव्हा त्याने आधी लताकडे पाहिले. ती लांब, रस्त्यापलीकडे चहाचे ग्लास परत करायला गेली होती.

"धम्मा. हा तर तुझाच दोरा."

"हो. तो मंडपवाला. चार वर्षं झाली. मिरवणुकीचे लाइट नि स्पीकर ह्याच्यावर लावून दिले होते. ह्यांनी फ्रीज-पंखे त्याच तारेवर चढवलेत."

"मग चूक काय केलीस? आपल्या उस्तादाने, नंदकिशोर मिस्त्रीने, हेच तर शिकवलं. परतीची तार बॉडीला देऊ नको, बॉडी गंजते. थेट बॅटरीला दे."

"मिस्त्रीच्या काळी बॅटरीवर हा पहारेकरी नव्हता बसत."

ही चूक आळशी माणसाकडून झाली नसती. आळशी माणसाने तार जवळच्या कुठल्याही नटाला अडकवली असती. ती वर्षभरात गंजली असती, पण सेन्सरच्या नजरेआड गेली नसती. ही चूक करायला उत्तम गुरू लागतो, आणि त्याचा शब्द चौतीस वर्षे प्रामाणिकपणे पाळणारा शिष्य लागतो. दर गाडीवर, जास्तीची तांब्याची तार स्वतःहून खर्चून, धम्मपालने ती केली होती. माझा जोड कधी परत आला नाही, एवढे एकच वाक्य तो स्वतःविषयी बोलत असे.

"काप नि फेक," माणिक हळूच म्हणाला. "नवीन तार टाक सेन्सरच्या पलीकडे. सांग, सेन्सर गेला होता. पोरगी सुटेल, तूपण सुटशील. कोणाच्या बापाला कळतंय?"

"सेन्सर ते तपासतील. तो चांगला निघेल. मग परत हिच्या पायावर येईल, क्लच नीट दाबत नाय म्हणून."

"यार, तुझ्या दुकानावर काय येईल ते बघ ना! नाक्यावरचे निम्मे टेम्पो तूच बांधलेत."

"तेच बघतोय," धम्मपाल म्हणाला. त्याने तार कापली नाही. बॅटरीच्या पेटीचे झाकण तसेच लावले, बॅटरीला तासभर चार्जर जोडला आणि मग लताला म्हणाला, "तुझ्या ऑफिसात येतो मी. जोड तिथंच दाखवायला पाहिजे."

संस्थेचे कार्यालय अंधेरी पश्चिमेला, शांत गल्लीत. सचिव विद्याधर भौतिकशास्त्राचे डॉक्टर होते. त्यांनी धम्मपालच्या बोटांतले ग्रीस पाहिले आणि खुर्चीकडे पाहायचे टाळले.

"अहो मिस्त्री, अधिकृत केंद्राचा अहवाल आहे आमच्याकडे. तुमचं काही म्हणणं असेल तर लिहून ठेवून जा."

"लिहून देतो, सर. पण आधी पाच मिनिटं खाली यायला लागेल. हे बघायचं आहे, वाचायचं नाय."

विद्याधर खाली आले. धम्मपालने इन्व्हर्टर चालू केला. एका हातात स्कॅनर, दुसऱ्या हातात त्या काळ्या तारेभोवती चिमटा लावलेला मीटर. "ही तार चाळीस अँपिअर सांगते. गाडीचा संगणक म्हणतो, सगळं मिळून तीन. हे चाळीस कुठे गेले, सर?"

विद्याधरांच्या चेहऱ्यावर एक विद्यार्थी क्षणभर डोकावून गेला. ते वाकले, तारेचा मार्ग त्यांनी बोटाने शोधला, आणि त्यांना सारे कळले. तेवढी विद्या त्यांच्यात अजून शिल्लक होती. मग ते सरळ झाले आणि पुन्हा सचिव झाले.

"तरीही, ही यंत्रणा बंद करायला बटण असतं. पहिल्यांदा गाडी अडकली तेव्हाच चालकाने ते दाबायला हवं होतं."

"सर, त्या बटणावर तुम्हीच स्टिकर लावलाय," लता म्हणाली. "'इंधन वाचवा, हे बटण बंद करू नये.' खाली सही आहे तुमची."

गाडीत स्टिकर होता. त्याकडे कोणी पाहिले नाही.

"ठीक आहे," विद्याधर म्हणाले. "पण ही तार अशी जोडली कोणी? ज्या कोणी अडाण्याने हे केलं, त्याच्यावर—"

"मी जोडली," धम्मपाल म्हणाला.

लताने मान वळवून त्याच्याकडे पाहिले.

"चार वर्षांपूर्वी, आधीच्या मालकासाठी. हा दोरा माझा. त्या वेळी ह्या सेन्सरचं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला पाहिजे होतं. बाईंच्या क्लच दाबण्यात काही दोष नाय. त्यांच्या वहीमुळे हे सापडलं. एवढं मी लिहून देतो."

त्याने उभ्याउभ्या, ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिले. अक्षर वळणदार होते. 'चूक माझी आहे' या वाक्याखाली त्याने पूर्ण नाव लिहिले, दुकानाचा पत्ता लिहिला, आणि सही केली. मग पान्याने जुनी तार सोडवली, सेन्सरच्या पलीकडे चॅसीवरचा एक बोल्ट पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, तार तिथे कसली, आणि खिशातून लाल दोरा काढून अकरा वेढे घातले. स्कॅनरने आता त्रेचाळीस सांगितले: तारेतले चाळीस आणि आधीचे तीन.

आठ दिवसांनी ठराव झाला. चालकाविरुद्धची कार्यवाही 'तूर्त स्थगित' करण्यात आली. चुकीच्या आरोपाबद्दल कोणी काही म्हणायचे असते, हे ठरावाच्या भाषेला माहीत नव्हते. दुसऱ्या परिच्छेदात, यापुढे वाहनाचे कोणतेही काम अनधिकृत व्यक्तीकडून करून घेऊ नये, असे एकमताने ठरले. स्टिकरचा उल्लेख नव्हता. ठरावाची प्रत लताने फोनवर वाचून दाखवली.

"आता तुमच्याकडे गाडी आणता येणार नाय मला," ती म्हणाली. "भाऊ, तुम्ही कशाला नाव टाकलंत?"

"तू वही कशाला ठेवलीस?" धम्मपाल म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला, कारण त्याला पुढचे फोन करायचे होते.

ते तो सकाळपासून करत होता. जुन्या वहीतले आकडे एकेक करून. भाजीवाले, मंडपवाले, मासळीवाले खारदांड्याचे. प्रत्येकाला तेच वाक्य: "तुमच्या गाडीत माझं एक काम चुकलंय, घेऊन या, करून देतो." काहींनी शिव्या घातल्या. काही जण आले नाहीत. बरेच आले.

"झाली जाहिरात," माणिक म्हणाला. "चौतीस वर्षांची वाट लावलीस एका आठवड्यात."

"चिमटा दे तो," धम्मपाल म्हणाला.

तो एका टेम्पोच्या बॅटरीपाशी वाकला होता. समोर लाल दोरा होता, घट्ट, निर्दोष. पाठीमागे, नाक्याच्या सिग्नलला गाड्या थांबल्या, आणि त्यांतल्या एका इंजिनाचा आवाज अचानक नाहीसा झाला. धम्मपालचा हात थांबला. त्याने मागे वळून पाहिले नाही. सिग्नल सुटेपर्यंत तो तसाच, कान देऊन, वाकून राहिला. मग ते इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झाले आणि गोवंडीच्या बाजूने निघून गेले.

त्याने ब्लेड उचलले आणि गाठीखाली सरकवले.