वर काच ठेवू नका

मी वाळूचा ट्रे. माझ्यावर लिहितात आणि लगेच हलवून पुसतात, त्यामुळे चारचौघांत दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तरी आज बोलतो.

जन्माने मी ट्रे नव्हेच. शाळेच्या कार्यालयातल्या टेबलाचा खण होतो, कुरकुरणारा आणि हमखास अडकणारा. टेबल मोडलं तेव्हा लिहिता-वाचताना अडखळणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या थेरपीच्या बाईंनी मला मागून घेतलं. तळाला निळा रंग दिला, वर बारीक वाळू पसरली. बोटाने रेघ ओढली की खालचा निळा दिसतो. खोटं कशाला बोलू, मी भलताच देखणा झालो.

तिसरीतली छकुली माझ्याकडे आली ती पाय ओढत. तिचा 'घ' आणि 'ध' यांत कायम गोंधळ व्हायचा. वहीत खोडरबर घासून पानांना भोकं पडायची आणि सकाळी शाळेची वेळ झाली की तिचं पोट दुखायचं. गाड्या दुरुस्त करणारे तिचे बाबा चिडके नव्हते, हरलेले होते. "हिचे हाल बघवत नाहीत. परीक्षा झाली की शाळेतून काढतो," असं ते बाईंना सांगून गेले होते.

बाईंनी घाई केली नाही. "लिही. चुकलं तर हलव," एवढंच म्हणाल्या. मदतीला कॉलेजात शिकणारी एक ताई यायची. छकुलीशेजारी जमिनीवर मांडी ठोकून बसायची आणि आधी स्वतः चुकून दाखवायची. या दोघींचा धीर बघून मी थक्क व्हायचो. तेच अक्षर पुन्हा पुन्हा, आणि कपाळावर आठी म्हणून नाही.

एके दिवशी छकुलीने 'घर मोठे आहे' असं बरोब्बर लिहिलं. ताईला आनंद मावेना. बाबांना दाखवू म्हणून तिने माझ्यावर काच ठेवली. मीही फुशारलो. माझ्यावरचं काहीतरी पहिल्यांदाच टिकणार होतं.

दुसऱ्या दिवशी काच बघून छकुलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी नाही लिहिणार. चुकलं तर तेही ठेवाल."

ताईचा चेहरा पडला. बाई तिला रागावल्या नाहीत. काच उचलून त्यांनी मला छकुलीपुढे सरकवलं. "तुझं आहे, तूच पूस."

छकुलीने मला असं गदागदा हलवलं की निम्मी वाळू ताईच्या मांडीत. तिघी हसत सुटल्या. मग ती पुन्हा लिहायला लागली.

परीक्षा संपली आणि बाबा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर कसेबसे बसले. छकुलीने मला पुढे ओढलं आणि लिहिलं, 'मला धरी'. बाबा चूक सांगायला झुकले, तसं बाईंनी त्यांना खुणेनेच थांबवलं. छकुली थबकली. तिने आपणहून मला हलवलं आणि पुन्हा लिहिलं, 'मला घरी ठेवू नका'.

बाबांनी ते ओठ हलवत वाचलं. मग दाखल्याचं नावही न काढता त्यांनी विचारलं, "शाळा परत कधी सुरू होते?"

छकुली आता पाचवीत आहे. हळू वाचते, पण वाचते. माझा एक कोपरा निखळलाय, वाळू गळते, आणि समोर नवी नवी बोटं येतात. माझी विनंती एवढीच, की वाळू काय कुठेही मिळेल, अडखळणाऱ्या प्रत्येक पोराला अशा बाई आणि अशी ताई मिळू द्या.